अनुताप, व्याधी आणि बोध : मानसशास्त्राविषयीच्या ख्रिस्ती साशंकतेचे परीक्षण

ख्रिस्ती मंडळीने आधुनिक मानसशास्त्राचा उपयोग करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता धर्मसंस्थेच्या अंतर्गत व्यवहाराचा वाटतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि मराठी आत्मचरित्रवाङ्मयाचा एक मोठा आणि मोलाचा भाग ख्रिस्ती लेखक-लेखिकांनी निर्माण केलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या शंकेचे सहज निरसन होते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाईंनी १९०७ साली दिलेली आपल्या धर्मजीवनाची साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ या तिन्ही कृतींचा मुख्य विषय अंतःकरणातील स्थित्यंतर हा आहे. या स्थित्यंतराची संगती कोणत्या भाषेत लावावयाची? पाप, अनुताप आणि कृपा या भाषेत, की दमन, न्यूनगंड आणि सूचनवशता या भाषेत? अलीकडील प्रबंधांतून दुसरी भाषा इतक्या सहजपणे योजिली जाते, की तिच्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांची तपासणी करणे हे आपलेही कर्तव्य ठरते.

या आक्षेपांचा सर्वांत आग्रही उच्चार ख्रिस्ती धर्मचिंतकांनी केला आहे. त्यांची साशंकता एका ठिकाणी अत्यंत सबळ आणि दुसऱ्या एका ठिकाणी, त्यांच्याच धर्मग्रंथाच्या कसोटीस लावली असता, दुर्बल ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या वादाच्या दोन्ही टोकांना टाळणारी एक वाट कितीतरी आधी दाखविली होती, हे त्याच ओघात दिसून येईल.

१

प्रथम मानसशास्त्राने मंडळीत कसा प्रवेश केला ते पाहू. विल्यम जेम्स यांची धर्मानुभवावरील व्याख्याने १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत धर्मांतर, पश्चात्ताप आणि साक्षात्कार या अनुभवांचा मानसशास्त्रीय विचार पहिल्यानेच एवढ्या विस्ताराने आणि सहानुभूतीने झाला. जेम्स यांनी आरंभीच एक इशारा देऊन ठेविला होता. पौलाला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन हा मेंदूतील विकाराचा परिणाम होता, एवढे म्हणून त्या दर्शनाचा निकाल लागला असे मानणाऱ्यांस त्यांनी वैद्यकीय जडवादी म्हटले. अनुभवाची उत्पत्ती सांगणे वेगळे आणि त्याचे मोल ठरविणे वेगळे, हा त्यांचा भेद पुढील सर्व चर्चेचा पाया होय.

फ्रॉइड यांनी हा भेद पाळला नाही. १९२७ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी धर्मश्रद्धेस इच्छापूर्तीतून जन्मलेला भ्रम ठरविले. त्यांना पुढच्याच वर्षी प्रत्युत्तर दिले ते ऑस्कर फिस्टर यांनी. फिस्टर हे झुरिकचे प्रॉटेस्टंट पाळक होते. ते स्वतः मनोविश्लेषणाचा उपयोग करीत आणि फ्रॉइड यांचे जुने स्नेहीही होते. म्हणजे मनोविश्लेषणाची पद्धती स्वीकारावी परंतु त्यामागील तत्त्वज्ञान नाकारावे, ही भूमिका जवळजवळ मनोविश्लेषणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत अँटन बॉइसेन यांनी १९२५ साली वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस रुग्णांच्या सहवासात शिक्षण देण्यास आरंभ केला. बॉइसेन स्वतः तीव्र मनोविकारातून गेलेले होते, आणि ग्रंथांप्रमाणेच दुःखी माणूसही वाचावयाचा असतो, हा त्यांचा सिद्धान्त होता. इंग्लंडमध्ये लेस्ली वेदरहेड यांनी पाळकाच्या कामास मानसोपचाराची जोड दिली; हे गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे मद्रासमध्ये पाळक होते. आपल्या देशात ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० साली लखनौ येथे ‘नूर मंझिल’ हे मनोरुग्णसेवेचे केंद्र स्थापिले. प्रार्थना आणि मनोवैद्यक यांना एका छपराखाली आणण्याचा तो भारतीय प्रयत्न होता.

विरोधाचा सूर चढला तो १९६० नंतर. आश्चर्य असे की, त्याचा पहिला मोठा उद्गाता पाळक नव्हता, मानसशास्त्रज्ञ होता. हॉबार्ट मौरर हे १९५४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. पाप हा शब्द टाकून देऊन रोग हा शब्द स्वीकारल्याने माणसाची सुटका झाली नाही, उलट त्याच्या हातून स्वतःला सुधारण्याची शक्यताच निसटली, असे त्यांनी प्रतिपादिले. १९६५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ राहून काम केलेल्या जे अ‍ॅडम्स या धर्मशिक्षकाने १९७० साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. शरीराचा रोग असेल तर वैद्याकडे जावे. अन्यथा माणसाच्या बहुतेक मानसिक क्लेशांच्या मुळाशी पापच असते आणि त्यावर पवित्र शास्त्राच्या आधारे बोध हाच उपाय होय, अशी त्यांची मांडणी होती. १९७७ साली पॉल व्हिट्झ यांनी मानसशास्त्र हाच एक नवा धर्म झाला असून त्यात देवाच्या जागी ‘स्व’ची पूजा चालते, असा आरोप केला, तेही व्यवसायाने मानसशास्त्रज्ञच होते. त्यानंतर मार्टिन व डायड्री बॉबगन या दांपत्याने सारा मानसोपचारच पाखंडाच्या सदरात घातला. साशंकतेचे असे अनेक स्तर आहेत. त्यांची सरमिसळ केल्यास कोणालाच न्याय मिळावयाचा नाही.

२

आता या साशंकतेतील सबळ भाग पाहू. तिचा मध्यवर्ती मुद्दा असा की, कोणतीही उपचारपद्धती केवळ तंत्र नसते. तिच्या पोटात माणसाविषयीची एक कल्पना दडलेली असते. बरे होणे म्हणजे काय, हे ठरविल्याखेरीज कोणाला बरे करता येत नाही; आणि ते ठरविताना आपण मनुष्यजीवनाचे साध्य ठरवीत असतो. फ्रॉइड यांच्या मते ते साध्य वासना आणि वास्तव यांच्यातील सुसह्य तडजोड हे असेल, कार्ल रॉजर्स यांच्या मते आपल्या अंतःस्थ स्वभावाचा निर्वेध विकास हे असेल. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र मनुष्याचे साध्य त्याच्या स्वतःच्या पलीकडे आहे. हा विरोध केवळ शब्दांचा नाही. धर्मविश्वास ज्यांच्या विवेचनाचा आधार नव्हता, त्या फिलिप रीफ या समाजशास्त्रज्ञानेही १९६६ साली हेच निदान केले होते: जुन्या काळचा माणूस तारण शोधीत असे, नवा माणूस समाधान शोधतो.

रॉजर्स यांचे उदाहरण आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. तरुणपणी ते न्यूयॉर्कच्या एका धर्मशास्त्र विद्यालयात दोन वर्षे शिकत होते. तेथून ते मानसशास्त्राकडे वळले. त्यांच्या पद्धतीचा प्राण असा की, ऐकणाऱ्याने निवाडा करू नये, सल्ला देऊ नये, समोरच्या माणसास बिनशर्त आदराने ऐकावे. म्हणजे त्याची वाट त्यालाच सापडते. या पद्धतीसाठी मराठीत जो शब्द रूढ झाला तो ‘समुपदेशन’. या शब्दाच्या गाभ्यातच ‘उपदेश’ बसलेला आहे! जो उपदेश करू नये म्हणून रॉजर्स यांनी जन्मभर सांगितले, त्याच उपदेशास ‘सम्’ हा उपसर्ग लावून आपण त्यांच्या पद्धतीचे नाव ठेविले. मराठी पाळक जेव्हा ‘समुपदेशन’ करावयास बसतो तेव्हा त्याने बोलावे की गप्प राहावे, याचा संभ्रम भाषेनेच निर्माण करून ठेवलेला आहे. साशंकतावाद्यांचा प्रश्न येथे रास्त ठरतो. जो पाळक केवळ ऐकतो आणि ज्याच्याजवळ सांगावयाचे असे काहीच उरलेले नाही, तो पाळक राहिला काय?

दुसरा सबळ मुद्दा अपराधभावनेविषयी आहे. अपराध वाटणे आणि अपराधी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. काही न करता माणूस अपराधाने पोळत असेल तर तो आजारी आहे. परंतु ज्याने खरोखरच कोणाचा घात केला, त्याची टोचणी औषधाने किंवा संभाषणाने बोथट करणे हा उपचार नव्हे. तेराव्या एप्रिल रोजी १९५३ साली पोप बारावे पायस यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण करताना हाच भेद केला होता. त्यांनी मानसोपचाराचा धिक्कार केला नाही; मात्र खऱ्या अपराधाच्या जाणिवेचे परिमार्जन निव्वळ मानसशास्त्रीय उपायांनी होणार नाही, असे त्यांनी सांगितले. येथवर साशंकतेशी सहमत होण्यास ख्रिस्तेतर वाचकासही अडचण पडू नये. आपल्या संतांनी अनुतापास चित्तशुद्धीचे साधन मानले आहे. अनुताप हा बरा करावयाचा रोग आहे असे त्यांस कोणी सांगितले असते, तर ते हसले असते.

३

मग ही साशंकता दुर्बल कोठे होते? ती दुर्बल होते ती आपले सामर्थ्य ज्या शब्दावर उभारते त्या शब्दापाशीच. अ‍ॅडम्स यांनी आपल्या पद्धतीस ग्रीक क्रियापद ‘नूथेतेओ’ यावरून नाव दिले. मराठी शास्त्रात रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात या क्रियापदासाठी ‘बोध करणे’ हा प्रयोग आहे. अ‍ॅडम्स त्या शब्दात दोष दाखविणे, समोरासमोर सांगणे आणि वर्तनात पालट घडविणे या तीन गोष्टी वाचतात. त्या शब्दात या गोष्टी आहेतही. परंतु पौलाच्याच थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, हा शब्द ज्या संदर्भात येतो तो पाहण्याजोगा आहे. तेथे मंडळीतील तीन प्रकारची माणसे सांगितली आहेत आणि तिघांसाठी तीन निरनिराळी क्रियापदे योजिली आहेत. जे बेशिस्त आहेत त्यांच्यासाठी ‘नूथेतेओ’ आहे. ज्यांचा धीर खचला आहे त्यांच्यासाठी दिलासा देण्याचे वेगळे क्रियापद आहे. आणि जे अशक्त आहेत त्यांना आधार द्यावा, सावरून धरावे, असे तिसरे आहे. सहनशीलता मात्र सर्वांच्याच बाबतीत सांगितली आहे.

या एका वचनाने अ‍ॅडम्स यांच्या इमारतीचा एक खांब निखळतो. शास्त्राच्या मते सर्व दुःखी माणसे एकाच वर्गातली नाहीत. कोण बेशिस्त, कोण खचलेला आणि कोण अशक्त, हे आधी ओळखावे लागते. आणि ओळखण्यात चूक झाली तर योग्य औषधही विष होते. खचलेल्या माणसास बेशिस्त समजून बोध केला तर त्याच्या ओझ्यावर आणखी एक दगड ठेवल्यासारखे होते. ही ओळख कशी करावयाची, याची तपशीलवार पद्धती पौल देत नाही. ती निरीक्षणाने, अनुभवाने आणि ज्यांनी मनाच्या व्याधींचा अभ्यास केला आहे त्यांच्याकडून शिकूनच मिळवावी लागते. म्हणजे शास्त्राशी निष्ठा राखावयाची म्हणूनच मानसशास्त्राकडे पूर्ण पाठ फिरविता येत नाही. ज्यांचा मौरर यांच्याकडून अ‍ॅडम्स यांनी इतका लाभ घेतला, ते मौरर स्वतः आयुष्यभर विषण्णतेच्या आजाराने पीडित होते आणि १९८२ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या विचारांचे खंडन करण्यासाठी ही घटना वापरणे अनुचित होईल. परंतु पाप आणि रोग या दोनच कप्प्यांत मनुष्याचे दुःख मावत नाही, एवढे ती निश्चित सांगते.

येथे मराठी शब्दाचे भाग्य विशेष आहे. ‘बोध’ या शब्दात उपदेश आहे तसे जागे होणेही आहे. बोध केला जातो आणि बोध होतोही. सांगणाऱ्याचे काम संपल्यावर ऐकणाऱ्याच्या ठायी जे उगवते त्यालाही मराठीत बोधच म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा एक घटक मनाचा वाचक आहे. मराठी भाषांतरकारांनी निवडलेल्या शब्दाने तो घटक जतन केला, आणि अमेरिकन आग्रहाने जे अरुंद केले ते नकळत रुंद ठेविले.

४

आता मराठी ग्रंथांच्या साक्षीकडे वळू. पंडिता रमाबाईंच्या जीवनातील तीन प्रसंग या वादासाठी कसोटीसारखे आहेत.

पहिला १८८३ चा. रमाबाईंसमवेत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. रमाबाईंच्या मनावर या घटनेचा भयंकर आघात झाला; त्याच वर्षी सप्टेंबरच्या एकोणतिसाव्या दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मनोविश्लेषणाचा उत्साही विद्यार्थी येथे तात्काळ कार्यकारणभाव जोडील: आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेलेली, भाऊ गेलेला, पती गेलेले, मैत्रीण अशी गेलेली, अशा स्त्रीने आधार शोधला यात नवल काय? या विधानात असत्य काहीच नाही. परंतु ते बाप्तिस्म्याची वेळ समजावून देते, श्रद्धेचा आशय समजावून देत नाही. बाप्तिस्म्यानंतरची दोनतीन वर्षे रमाबाई ख्रिस्ताचे देवत्व आणि त्र्यैक्य यांसारख्या सिद्धान्तांवर आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी आणि बिशपांशी पत्रांतून कडाडून वाद घालीत होत्या. केवळ आधारासाठी आसुसलेले मन आपल्या एकमेव आधाराशी असा वाद मांडीत नाही.

याच पत्रव्यवहारात दुसऱ्या टोकाची चूकही दिसते. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. सिस्टर जेराल्डीन यांचे रमाबाईंवर प्रेम होते, यात शंका नाही. परंतु रमाबाईंच्या प्रश्नांमागे त्यांस मुख्यतः अहंकार आणि हट्ट दिसला. म्हणजे बौद्धिक शंकेचे निदान त्यांनी पाप असे केले आणि त्यावर नम्रतेचा बोध हे औषध दिले. रमाबाईंचे उत्तर असे होते की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतल्यावर ती दुसऱ्या जोखडाखाली घालण्यास आपण तयार नाही. आपणांस विवेकबुद्धी दिलेली आहे. अ‍ॅडम्स यांच्या ग्रंथाच्या सुमारे पंचाऐंशी वर्षे आधी घडलेला हा संवाद त्या ग्रंथाची समीक्षाच आहे. पापाचे निदान करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला न रुचणारा प्रश्न पापाच्या सदरात घालणे फार सोपे जाते. मानसशास्त्राच्या हाती तो अधिकार गेला तर तोच प्रश्न विकृतीच्या सदरात जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्नकर्तीचे तोंड मिटते.

दुसरा प्रसंग १८९१ च्या सुमारासचा. आठ वर्षे ख्रिस्ती धर्मात राहूनही आपल्याला ख्रिस्त भेटला नव्हता, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी आपल्या साक्षीत दिली आहे. विल्यम हॅस्लम या पाळकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना ही उणीव जाणवली. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, हा शोध त्यांना कोणी दोष दाखवून झालेला नाही. दुसऱ्या एका माणसाची प्रांजळ हकीकत वाचून झालेला आहे. हा बोध ‘केलेला’ नव्हे, ‘झालेला’ बोध होय.

तिसरा प्रसंग १९०५ चा. केडगावच्या मुक्तिसदनात जूनअखेर जे धर्मजागरण झाले त्यात शेकडो मुली व स्त्रिया रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, पापांची कबुली देत. बाहेरच्यांनी, त्यांत काही ख्रिस्ती मंडळीही होत्या, याला उन्माद म्हटले. समूहाच्या सूचनवशतेचा सिद्धान्त येथे तयारच होता. गुस्ताव ल बाँ यांचा समूहमनावरील ग्रंथ १८९५ चा. आणि या मुली कोण होत्या? त्यांतल्या अनेक १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या, भुकेने आणि मृत्यूने ज्यांचे बालपण करपले होते अशा. त्यांच्या रडण्यात साचलेल्या दुःखाला वाट फुटली असेल, असे मानण्यात धर्माचा काहीही अवमान नाही. रमाबाईंनी मात्र एक धोरण धरले: भारतीय मुलींनी पाश्चात्त्य प्रार्थनामंदिराच्या शिस्तीतच आपला शोक आणि आनंद व्यक्त करावा, हा आग्रह त्यांनी धरला नाही. आणि त्या जागरणाची किंमत त्यांनी रडण्यावरून केली नाही. मुलींच्या वागण्यात काय फरक पडला, त्या सेवेस कशा लागल्या, यावरून केली. फळांवरून झाड ओळखावे हा शुभवर्तमानाचा निकष आणि मोल परिणामांवरून ठरवावे हा जेम्स यांचा निकष येथे एकत्र आलेले दिसतात.

रमाबाईंच्या साक्षीपेक्षा ‘स्मृतिचित्रे’ची साक्ष निराळ्या जातीची आहे. लक्ष्मीबाईंनी आरंभीच आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र काढले आहे ते वाचताना आजचा वाचक हसतो आणि लगेच शहारतो. १८५७ च्या बंडानंतर नात्यातील एका वडीलधाऱ्या पुरुषास फाशी झाली; त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे वाढत वाढत घराला ग्रासून राहिले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. बायकोमुलांच्या हालांना पारावार नाही. आजचा मनोवैद्य या वर्तनास कृतिअनिवार्यतेचा विकार म्हणेल, आणि बहुधा त्याचे चुकणार नाही. अ‍ॅडम्स यांचा अनुयायी त्यात कर्मकांडाचे आणि कुटुंबाच्या छळाचे पाप पाहील. तेही सर्वस्वी खोटे नाही. लक्ष्मीबाई काय करतात? त्या कारण सांगतात, म्हणजे वडील कशाने असे झाले हे दाखवितात. त्या परिणामही लपवीत नाहीत, म्हणजे आईने काय सोसले याचा हिशेब माफ करीत नाहीत. आणि हे सर्व त्या अशा विनोदाने सांगतात की त्यात तुच्छता नाही. कारण कळल्याने जबाबदारी पुसली जात नाही आणि जबाबदारी दाखविल्याने करुणा आटत नाही. पुढे जातिभेद मनुष्यकृत आहे असा निर्णय घेऊन त्या स्वतः सोवळे टाकतात तेव्हाही वडिलांवर सूड उगवल्याचा भाव त्यात येत नाही. मानसशास्त्र आणि धर्म या दोघांनी जे साधावयाचे ते येथे एका प्रौढपणी अक्षरओळख झालेल्या स्त्रीच्या गद्याने साधले आहे.

५

ही चर्चा आतापर्यंत ग्रंथांत राहिली. परंतु तिच्यात जे पणास लागले आहे ते ग्रंथांबाहेर आहे. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार करावा. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. तालुक्यातील इसापूर धरणापाशी पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरी १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्यास हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील पाळक तेथे शिकून गेले. उलट, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांच्या शेकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत असे आढळले. अशा प्रदेशात खचलेला माणूस प्रथम कोणाच्या दाराशी जाईल? मनोवैद्य दूर आहे. देवऋषी जवळ आहे. आणि ख्रिस्ती कुटुंबातला असेल तर पाळक जवळ आहे. म्हणून पाळकाचे निदान हा येथे विद्वत्सभेतील वाद राहत नाही. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो. अमेरिकेत मानसोपचाराचा अतिरेक झाला असेल, तेथे त्याविरुद्ध लिहिलेली पुस्तके शोभतही असतील. जेथे मानसोपचार पोहोचलाच नाही तेथे तीच पुस्तके तशीच्या तशी उचलून आणणे म्हणजे अजीर्णाचे पथ्य उपाशी माणसास सांगण्यासारखे आहे.

आपल्या कायद्याने या सीमारेषेचा काही विचार केलेला आहे, ही समाधानाची गोष्ट. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार समाजात रूढ असलेल्या नैतिक मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धांशी एखाद्याचे पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. रमाबाईंच्या काळी असा नियम असता तर त्यांना वेडी म्हणणाऱ्यांना थोडा विचार करावा लागला असता. त्याच अधिनियमात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली असलेला समजावे, त्याच्यावर खटला भरू नये, अशी तरतूद आहे. धर्मशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, कायद्याने त्याला बेशिस्तांतून काढून खचलेल्यांत बसविले आहे. पौलाच्या वर्गीकरणाशी हे किती जुळते, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि या प्रदेशाला निदानाची एक तिसरी रीत मुळातच अपरिचित नाही. हिंगोलीजवळचे नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते, आणि औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना बोध केला अशी कथा आहे. गोरा कुंभारांनी थापटीने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव दुखावले, रडले, देवाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने त्यांना विसोबांकडे पाठविले. कथेची ऐतिहासिकता येथे अप्रस्तुत आहे. तिच्यातील निदान प्रस्तुत आहे. नामदेव पापी आहेत असे कोणी म्हणत नाही, रोगी आहेत असेही म्हणत नाही. ते अपक्व आहेत एवढेच म्हटले जाते, आणि अपक्व मडक्याला फोडावयाचे नसते, भाजावयाचे असते. नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगितले होते आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा छंद निवडला होता. त्यांना जे काव्यात सुचले ते मराठी मंडळीला पाळकत्वातही सुचण्यास हरकत नव्हती. पाप, व्याधी आणि अपक्वता ही तीन निदाने जवळ असलेला पाळक दोनच निदाने असलेल्या पाळकापेक्षा निश्चितच कमी चुका करील.

६

अखेरीस आपल्या अभ्यासाकडे येऊ. धर्मांतराच्या किंवा भक्तीच्या आत्मकथनाचे मानसशास्त्रीय विवेचन करणाऱ्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. मी सांगत असलेले कारण अनुभवाची वेळ उलगडते की त्याचा आशय? माझी परिभाषा लेखिकेच्या तोंडचा प्रश्न ऐकू देते की तो मिटविते? आणि लेखिकेने स्वतः आपल्याविषयी केलेले निदान मी माझ्या निदानाइतक्याच गांभीर्याने तपासले आहे काय? हे प्रश्न न विचारता लिहिलेला प्रबंध सिस्टर जेराल्डीन यांची चूक नव्या शब्दांत पुन्हा करीत असतो. अहंकाराच्या जागी तो ‘गंड’ लिहितो, एवढाच फरक.

ख्रिस्ती साशंकतेने आधुनिक मानसशास्त्रास त्याच्या गृहीतकांचा जाब विचारला, हे तिचे कार्य टिकाऊ आहे. परंतु जाब विचारणाऱ्याने स्वतःच्या गृहीतकांचाही जाब दिला पाहिजे. माणसाचे दुःख एकाच नावाने हाक मारल्यास ओ देत नाही. ते कधी अनुताप असते, कधी व्याधी असते, कधी नुसते कच्चेपण असते, आणि पुष्कळदा या तिन्हींचे मिश्रण असते. कोणते कोठे संपते हे ओळखण्यासाठी शास्त्र हवे आणि धर्मही हवा. परंतु त्याआधी लक्ष्मीबाईंजवळ होती ती गोष्ट हवी, म्हणजे समोरच्या माणसाकडे त्याचे नाव ठरविण्यापूर्वी नीट पाहण्याची सवय.